मोजणारी

मी वल्हवत नाही. मी मोजते.
आठ जणींच्या नावेत मी नववी,
सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत मोठ्या आवाजाची.
त्या मागे बघत पुढे जातात,
पुढे काय आहे ते फक्त मला दिसतं.
आणि मला दिसतो गाओ नूचा चेहरा,
हातभर अंतरावरून,
कारण पहिलं वल्हं तिचं.

ऑक्टोबरातच मला कळलं होतं.
वल्हं बरोबर पडत होतं, मिनिटाला चौतीस,
पण डोळे असे, की घर आवरून,
गॅस बंद करून, कुलूप लावून
कुणी कधीचं निघून गेलंय.
मी ओरडले, "अजून दहा!"
तिने दिले दहा.
मी आणखी दहा मागितले.
तेही दिले.

थँक्सगिव्हिंगनंतर ती बोटघराकडे फिरकली नाही.
एक्स-रेत काही सापडलं नाही, रक्तातही नाही.
"हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली,
"प्लॅस्टरवर तुम्ही सह्या तरी केल्या असत्या."

समुपदेशक बाई म्हणाल्या, विश्रांती घे.
गाओ नूने विश्रांतीचंही वेळापत्रक केलं.
नऊला दिवा बंद. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेला गुण द्यायचं:
एकसष्ट. अठ्ठावन्न.
पंचावन्न आले त्या दिवशी ती रडली,
की मला साधं झोपताही येत नाही.
मी जवळ बसले, पाठीवर हात ठेवला
आणि म्हणाले, उद्या साठ येतील.
माझ्या जिभेला दुसरं काही येतच नाही.

जानेवारीत तळं गोठलं.
मेंडोटाचं जे पाणी आम्ही पहाटे कापत होतो
त्यावर आता पिकअप गाड्या उभ्या.
तिचे वडील चीजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
तसेच बर्फावर आले, अंगाला आंबूस वास.
मलाही बोलावलं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही.
तंबू ठोकला, तीन बादल्या उपड्या घातल्या,
गिरमिटाने बर्फाला ताटलीएवढं भोक पाडलं.
काळं पाणी वर आलं,
थोडं हललं,
थांबलं.

तासभर काहीच झालं नाही.
मला राहवेना. एका वेळी किती मासे मिळतात?
"मिळतात कधी कधी," चाँग नेंग काका म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने, मुलीकडे न बघता:
"नदी ओलांडली तेव्हा मी सात वर्षांचा होतो.
पलीकडे पोचल्यावर आई अंधारात मोजत बसली, किती उरलो.
पुन्हा पुन्हा मोजायची.
पाण्याजवळ मी नाही मोजत."

गाओ नू काही बोलली नाही.
खिशातल्या ऊबेत ठेवलेला चिकट भात
तिने तिघांत वाटला.
घड्याळ काढून माशांच्या रिकाम्या बादलीत टाकलं,
आणि थोड्या वेळाने
तंबूच्या कापडाला टेकून तशीच झोपली,
तोंड उघडं, मान एकीकडे, मुठीत अर्धा भात.
नावेत अशी वेडीवाकडी बसली असती
तर अख्ख्या किनाऱ्याने माझा आवाज ऐकला असता.

मार्चमध्ये ती परत येणार का,
सगळे मलाच विचारतात,
पुढचं मला दिसतं म्हणून.

बर्फ खालून गुरगुरला, लांबवर, म्हशीसारखा.
मी घाबरून कुजबुजले, फुटतोय का?
"नाही," काका म्हणाले. "जाड होतोय."

दोरी थरथरली.
मी तोंड उघडलं होतं.
काकांनी ओठांवर बोट ठेवलं,
माशाला नाही, तिला जपत.
दोरी ओढत राहिली, मग सैल पडली.
बादलीच्या तळाशी घड्याळ उजळलं:
बराच वेळ बसून आहात, उठा.

कुणी उठलं नाही.